झाकणाच्या आतल्या तारखा

जुनं घड्याळ हातात आलं की लोक पहिल्यांदा ते कानाशी नेऊन हलवतात. का हलवतात हे मला पस्तीस वर्षांत कळलेलं नाही. आत पाणी किती आहे ते बघायला तो नारळ आहे का? माझ्यासमोर कोणी असं केलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि मी ते बोलून दाखवतो. त्यामुळे माझ्याकडे गिऱ्हाईक कमी आहे, पण जे आहे ते नीट वागतं.

माझ्या जागेला आता दुकान म्हणणंही बरोबर नाही. एका बँकेच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलावर दिवा, भिंग आणि काचेच्या घुमटाखाली सुटं करून ठेवलेलं कुठलंतरी घड्याळ. दुरुस्ती मी हल्ली थोडीच करतो. बहुतेक वेळ अहवाल लिहितो. जुनी, दुर्मिळ घड्याळं जमवणारे लोक असतात. ते व्यवहार करण्याआधी माझ्यासारख्याला विचारतात की बाबा रे, हे खरोखर आहे तेच आहे ना, काटे कुणी बदललेत का, तबकडी पुन्हा रंगवलीय का, चमकवण्याच्या नादात सोनं घासून पातळ केलंय का. मी बघतो, एका पानावर लिहितो आणि खाली सही करतो. त्या सहीवर लोक विश्वास ठेवतात. माझी बायको म्हणते, तेवढ्या एका बाबतीत ठेवायला हरकत नाही.

गेल्या वर्षी असंच एक काम आलं. काम देणारं गिऱ्हाईक जुनं होतं. हे गृहस्थ पांढरे सुती हातमोजे घातल्याशिवाय घड्याळाला हात लावत नाहीत आणि ते हातमोजे कोटाच्या खिशात इस्त्री करून बाळगतात, म्हणून आमच्या घरात त्यांचं नावच हातमोजे पडलंय. हातमोज्यांना फक्त अशी घड्याळं हवी असतात जी कधीच कुणाच्या मनगटावर चढलेली नाहीत. घेतल्यावर तेही ती घालत नाहीत. मला विचाराल तर हा एक आजार आहे, पण अशा आजारांवर माझं घर चालतं, त्यामुळे मी औषध सुचवायला गेलेलो नाही.

त्यांना हवं होतं ते घड्याळ एका जहाज कंपनीने आपल्या पन्नासाव्या वर्षी खास बनवून घेतलेलं होतं. एकूण चाळीस नग, कप्तानांना आणि मुख्य इंजिनियरांना भेट द्यायला. अठरा कॅरेटचं सोनं, अंगाने पातळ, चांगल्या कपड्यांवर समारंभाला घालायचं. ऑटोमॅटिक, म्हणजे चावी द्यायला नको. आत एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग आपसूक गुंडाळली जाते. तबकडी सायीच्या रंगाची, आकडे नाहीत, सोन्याच्या बारीक रेघा, आणि सहाच्या जरा वर तिळाएवढा नांगर. त्या चाळिसांतली सात-आठच आजवर बाजारात आली होती आणि सगळी वापरलेली. न वापरलेलं एक जरी निघालं, तर त्याला इतरांच्या तिप्पट भाव होता.

असं एक निघालं होतं. ते घेऊन सोमवारी जे आले ते चाळिशीचे होते, बोलायला चटपटीत, पायात महागडे बूट. त्यांचे वडील त्या कंपनीत मुख्य इंजिनियर होते आणि अकरा महिन्यांपूर्वी वारले होते. मी त्यांना मनातल्या मनात चिरंजीव म्हणायला लागलो, कारण दर वाक्यात 'बाबा' येत होतं. बाबांनी हे एकदाही घातलं नाही. बाबा म्हणायचे, निवृत्त झालो की घालीन. बाबा निवृत्त झाले तरी घातलं नाही. हे सांगता सांगता चिरंजीवांनी घड्याळ पेटीतून उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं.

"ठेवा ते खाली," मी म्हणालो.

त्यांनी मुकाट्याने ठेवलं. शुक्रवारी अकरा वाजता हातमोजे, ते आणि मी असे भेटायचं ठरलं. मी पावती दिली आणि ते गेले.

मग मी निवांत बघायला बसलो. कडा धारदार होत्या, म्हणजे कुणी पॉलिशचा उद्योग केला नव्हता. तबकडी मूळची. पट्टा मूळचा, कातडं कडक, एकाही भोकाला ताण नाही, एक घडी नाही. हातमोज्यांना झोपेत दिसावं असं घड्याळ होतं. मी पट्टा सोडवला आणि भिंग लावून पट्टा अडकतो त्या कानांच्या आतली बाजू पाहिली. तिथे ओरखडे होते. एक नाही, दोन नाही, भरपूर. सोनं मऊ असतं; पट्टा काढायला कुणी अडाणी हत्यार घातलं की तिथे रेघ उमटते आणि ती कायमची. पट्टा कधी काढलाच नसेल तर तिथे काही असायचं कारण नाही. इथे पट्टा निदान तीसेक वेळा काढून घातलेला होता. म्हणजे मूळचा पट्टा सांभाळून ठेवून कुणीतरी घड्याळ दुसऱ्याच पट्ट्यावर वापरलं होतं, आणि परत मूळचा लावला होता, पुन्हा पुन्हा. मागचं झाकण उद्या उघडू असं ठरवून मी दिवा बंद केला. चिरंजीव खोटं बोलताहेत की त्यांचे बाबा खोटं बोलत होते, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता, आणि खरं सांगायचं तर तो माझा प्रश्न नव्हता.

मंगळवारी सकाळी मी खोली उघडतो तोच एक बाई जिना चढून आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, सडपातळ, धाप लागलेली. खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घेतली.

"काल माझा मुलगा आला होता सोन्याचं घड्याळ घेऊन. उघडलंत का तुम्ही ते?"

"अजून नाही."

"मग वेळेत आले," त्या म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

डॉक्टरच्या बायकोला जसं लोक डॉक्टरीणबाई म्हणतात, तसं यांना गल्लीत इंजिनियरीणबाई म्हणत असणार. मी तरी मनात तेच म्हटलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पेला टेबलाच्या कडेपासून जरा आत सरकवून ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "ते घड्याळ मी घातलंय. एकोणीस वर्षं."

मी समोर बसलो. अशा वेळी बोलू नये एवढं मला कळतं.

"हे पाच महिने जहाजावर असायचे आणि महिनाभर घरी. इंजिनच्या खोलीत तेल आणि घाम, तिथे सोन्याचं घड्याळ कोण नेणार? म्हणून पेटी कपाटात. पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं, निवृत्त झालो की मी घालीन, तोवर कुणी हात लावायचा नाही. मग पोरगा सात वर्षांचा असताना तापाने फणफणला. डॉक्टर म्हणाले, दर चार तासांनी औषध, वेळ चुकवू नका. आणि भिंतीवरचं घड्याळ नेमकं त्याच आठवड्यात मेलेलं. काय करणार? काढली पेटी."

"ताप उतरल्यावर परत ठेवायचं."

"ठेवणारच होते. म्हटलं, उद्या ठेवू." त्या जरा हसल्या. "तो उद्या काही आला नाही. मग शाळा, बँक, सासूबाईंचा दवाखाना, सगळीकडे तेच. मूळच्या पट्ट्याला खूण पडेल म्हणून तो काढून ठेवायचे आणि बाजारातला काळा पट्टा लावायचे. तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. कुणी विचारलंच तर सांगायचे, खोटं आहे हो, नुसता मुलामा. आणि ते कसं, हात हलला तरच चालायचं ना? मी दोन दिवस पडून राहिले तर ते बंद. म्हणून मी पडून राहायचेच नाही. ताप असला तरी उठून काहीतरी करत राहायचे. त्याच्यासाठी."

"आणि साहेब यायच्या वेळी?"

"तीन-चार दिवस आधी काढायचे. बंद पडू द्यायचे. पट्टा बदलायचा, कात्रीच्या टोकाने. काटे चार वाजून दहा मिनिटांवर आणायचे, कारण ह्यांनी ठेवलं तेव्हा ते तिथे थांबलेलं होतं. मग पेटी कपाटात. हे घरी असेपर्यंत मी त्या कपाटाकडे फिरकतसुद्धा नसे."

एकोणीस वर्षं म्हणजे त्यांचे यजमान निवृत्त होईपर्यंत. नंतर ते चोवीस तास घरातच, म्हणून घड्याळ कायमचं पेटीत गेलं. त्यालाही तेरा वर्षं झाली होती.

"आता तुमच्याकडून मला एकच हवंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहा की वापरलेलं नाही."

"बाई, ते होणार नाही."

"पैशाचं मला काही देणंघेणं नाही, तो पोराचा कारभार. पण हे मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पेटी उघडून दाखवायचे. म्हणायचे, बघा, याला अजून मनगट माहीत नाही. पोरगा ते ऐकत मोठा झाला. बापाचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ. आणि आता त्याला कळणार की आईने बापाला एकोणीस वर्षं फसवलं, बाप जगासमोर खोटा पडत राहिला आणि आई शेजारी उभी राहून चहा देत होती. मी त्याच्या घरात राहते हो. कोणत्या तोंडाने राहू?"

मला त्यांची दया आली. मी ते इथे मोकळेपणाने लिहितो, कारण तोंडावर मी तसं काही दाखवलं नाही. मी त्यांना कानांच्या आतले ओरखडे भिंगातून दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"एवढुशा रेघा," त्या म्हणाल्या.

"हातमोजे, म्हणजे घेणारे गृहस्थ, हे स्वतः भिंग घेऊन येतात. मी नाही लिहिलं तरी त्यांना दिसेल. आणि दिसणार नसतं तरी मी लिहिलंच असतं."

"निदान आत तरी बघा. आत काही दिसत नसेल तर बाहेरचं काहीतरी सांगता येईल. कपाटात पडलं, आपटलं, काहीतरी."

आत तर जास्तच दिसणार, हे मी त्यांना सांगितलं नाही, पण मला स्वच्छ दिसत होतं काय निघणार ते. एकोणीस वर्षं रोज चाललेलं घड्याळ, त्यातलं तेल तीन-चार वर्षांत सुकतं. तेल नसलं की बारीक दांडे एकमेकांना खातात, वजन कलतं आणि झाकणाला घासून तिथे गोल चट्टा पाडतं. मी विचारलं, "मधे कधी कुणाकडे साफसफाईला दिलं होतंत?"

"छे. कुणाकडे देणार? आणि कशाला? कधी मिनिटभरही पुढे-मागे झालं नाही ते. सोन्याचं होतं ना."

सोन्याचं असल्याने घड्याळ बरोबर चालतं, हे ऐकून एरवी मी काहीतरी खोचक बोललो असतो. त्या दिवशी मात्र घड्याळ हातात घेऊन थोडं फिरवलं, चालू झालं तसं ठोके मोजणाऱ्या यंत्रावर ठेवलं. कागदावर रेघ उमटायला लागली. सरळ. फूटपट्टी धरून ओढावी इतकी सरळ; ठोक्यांत जराही चूक असती तर ती तिरकी गेली असती. मी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

मग मी झाकण उघडलं.

आत सगळं लख्ख होतं. वजन मधोमध, कुठे चट्टा नाही, तेल जिथे असायला हवं तिथे आणि तेवढंच. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, काठालगत, सुईने कोरलेल्या तारखा होत्या. आमच्या धंद्यात ही पद्धत आहे. घड्याळ साफ करून झालं की झाकण बंद करण्याआधी दुरुस्त करणारा आतून आपली खूण आणि महिना-वर्ष कोरतो, साध्या डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. मालकाला सहसा त्याचा पत्ताही नसतो. इथे एकाखाली एक आठ तारखा होत्या आणि प्रत्येकीपुढे एक छोटासा त्रिकोण. तो त्रिकोण मी ओळखला. जहाज कंपनीच्या ऑफिससमोर एक म्हातारा कारागीर बसायचा, त्याचा होता. हात अतिशय स्वच्छ, स्वभाव माझ्याहून वाईट. तो जाऊन चार वर्षं झाली.

आठ तारखा वाचता वाचता माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि कबूल करतो, मला आनंद झाला. आपल्या हातून कुणाची तरी सुटका होणार या कल्पनेने माणूस जरा चढतोच.

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही सुटलात. तुम्ही कुणाला फसवलेलं नाही. साहेबांना ठाऊक होतं."

मी त्यांना खिडकीशी बोलावलं, झाकण धरून भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं आणि ती पद्धत समजावून सांगितली. तुम्ही घालायला लागलात त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही पहिली तारीख. मग दर तीन वर्षांनी. कानांवरचे ओरखडे मला दिसले तसे त्यांनाही दिसले असणार. इंजिनवाला माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटतं? घड्याळ चालतंय हे त्यांना कळलं आणि चालणाऱ्या यंत्राला तेल लागतं हे तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून सुट्टीवर आले की ते गुपचूप नेऊन साफ करून आणत होते.

"प्रत्येक सुट्टीत कंपनीच्या ऑफिसात जायचे," त्या हळूच म्हणाल्या. "दोनदा. एकदा आल्या आल्या, एकदा जायच्या आधी. मी डबासुद्धा द्यायचे."

"तेच. द्यायला आणि आणायला."

"पण मग काटे? मी पेटी काढायचे तेव्हा काटे चार-दहावरच असायचे."

मी उत्तर द्यायच्या आत ते त्यांच्या लक्षात आलं. साहेबही काटे परत चार-दहावर आणून ठेवत होते, बायकोला कळू नये म्हणून. त्या टेबलाला धरून खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता रडतील, म्हणून मी पाण्याचा पेला पुढे केला. त्या रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"आणि पाहुण्यांसमोर माझ्याकडे बघून म्हणायचे! याला मनगट माहीत नाही म्हणून! मला वाटायचं, ह्यांचा केवढा विश्वास, आणि मी मेली अशी." त्या थांबल्या. "सांगायला काय झालं होतं? घाल गं, एवढे दोन शब्द. जीभ झडली असती का?"

नवरे असं का करतात हे मला विचारण्यात अर्थ नाही. माझी बायको गेली तीस वर्षं हाच प्रश्न मला दुसऱ्या गोष्टींबद्दल विचारते.

"शेवटची तारीख कोणती?" त्यांनी अचानक विचारलं.

मी पुन्हा भिंग लावलं. सहा वर्षांपूर्वीची होती. तिच्या आधीची, दहा वर्षांपूर्वीची. मी सांगितली आणि सांगताना माझ्याही ध्यानात आलं की हे जमत नाही. तेरा वर्षांपूर्वी घड्याळ पेटीत गेलं होतं. नंतर ते कुणीच घातलं नव्हतं.

"बंद पडून असलं तरी तेल सुकतंच, फक्त सावकाश," मी म्हणालो. कारागीर म्हणून ते खरं आहे.

त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. खाली बँकेचं शटर वर गेलं, त्याचा आवाज आला.

"दहा वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या, "एकदा ती पेटी माझ्या आरशासमोर ठेवलेली दिसली. उघडी. मी विचारलं, ही इथे कशी? तर म्हणाले, असू दे, जरा हवा लागू दे. तीन दिवस तिथेच होती. मी वेणी घालायला बसले की समोर ती. मला वाटलं, ह्यांना संशय आला. परीक्षा घेताहेत. बघताहेत की मी हात लावते का." त्यांनी पर्सचा बंद उघडला आणि परत लावला. "मी तीन दिवस तिकडे बघितलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी उचलली आणि कपाटात ठेवून दिली. म्हटलं, महागाची वस्तू, बाहेर नको. ते बरं म्हणाले."

"आणि सहा वर्षांपूर्वी?"

"पुन्हा तेच. पुन्हा मी आत ठेवली. त्या वेळी तर कुलूपच लावलं."

मी झाकण टेबलावर ठेवलं. मघाचा माझा आनंद केव्हाच उतरला होता.

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं," त्या उठत म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "इतकी वर्षं मी चोर होते, ते बरं होतं. भीती वाटायची, बास. आता याचं काय करू?"

"मग शुक्रवारी काय लिहू?" मी विचारलं. हा प्रश्न मी आजवर कुणालाही विचारलेला नव्हता.

"आहे ते लिहा," त्या म्हणाल्या. जिन्यावर त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत होती, कारण त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरत होत्या.

शुक्रवारी अकराला हातमोजे आले, चिरंजीव आले आणि त्यांच्यामागून इंजिनियरीणबाई आल्या. आई कशाला आली असं चिरंजीवांना वाटत असावं, कारण ते दोनदा म्हणाले की ती उगाच आलीय, तिला घरी करमत नाही. हातमोज्यांनी हातमोजे चढवले. मी अहवाल वाचायला घेतला. सोनं, आकार, क्रमांक, तबकडी मूळची, काटे मूळचे. चिरंजीव मान डोलावत होते. मग मी पुढचं वाचलं. "घड्याळ वापरलेलं आहे. दीर्घ काळ, दुसऱ्या पट्ट्यावर. देखभाल अत्यंत उत्तम, झाकणाच्या आत साफसफाईच्या आठ नोंदी."

"शक्यच नाही," चिरंजीव म्हणाले. "तुमची काहीतरी चूक होतेय. बाबांनी ते एकदाही घातलेलं नाही, हे मला जन्मापासून माहितीय."

"बाबांनी नाही घातलं," बाई म्हणाल्या. "मी घातलं."

चिरंजीवांनी वळून आईकडे पाहिलं. त्यांना आधी ते ऐकूच आलं नसावं असा चेहरा होता. बाईंनी सगळं सांगितलं, मला सांगितलं त्याच्या निम्म्या शब्दांत. ताप, औषध, काळा पट्टा, एकोणीस वर्षं. हातमोज्यांनी मधेच आपले हातमोजे काढले, एक एक बोट ओढून, आणि घडी करून खिशात ठेवले. मग ते उठले. "माफ करा. मला न वापरलेलंच हवं होतं. वस्तू सुरेख आहे," असं म्हणून त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि गेले. त्यांचा मला कधी नव्हे तो आदर वाटला, कारण ते शक्य तितक्या लवकर गेले.

खोलीत आम्ही तिघं उरलो. मी माझी हत्यारं पुसायला घेतली. ती आधीच पुसलेली होती.

"बाबांना कळलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना?" चिरंजीव म्हणाले. आवाज चढला होता. "सगळ्या जगाला सांगायचे ते, आई!"

"त्यांना ठाऊक होतं."

"काय?"

"त्या आठ नोंदी त्यांच्याच. मी घालायचे, ते तेल घालून आणायचे. पहिल्यापासून ठाऊक होतं त्यांना."

चिरंजीव खुर्चीत मागे टेकले. कपाळावर हात घासला. पैशाचं नाव त्यानंतर त्यांनी काढलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"आणि त्यांना ठाऊक आहे, हे तुला कधी कळलं?"

"मंगळवारी," बाई म्हणाल्या.

चाळिशीचा माणूस, पण त्या क्षणी तोंड अगदी लहान मुलासारखं उघडं पडलं होतं.

"चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका घरात राहिलात," ते म्हणाले. "मग तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत तरी काय होता?"

"तुझ्याबद्दल," बाई म्हणाल्या. "तुझी शाळा, तुझे दात, तुझी नोकरी. दुसरं काही बोलल्याचं मला तरी आठवत नाही."